पक्षातली ‘फूट’ कायद्यात नेमकी कुठे बसते?

महाराष्ट्रात एखाद्या पक्षाचे आमदार वेगळे बसू लागल्याची बातमी आली की पहिल्या अर्ध्या तासातच वृत्तवाहिन्यांच्या पडद्यावर एक आकडा झळकू लागतो: दोन तृतीयांश. इतके आमदार बरोबर असतील तर फूट ‘कायदेशीर’, नसतील तर आमदारकी धोक्यात, असे गणित मांडले जाते आणि मग कोण कोणत्या हॉटेलात आहे, कोणाचा फोन बंद आहे, याची मोजदाद सुरू होते. या गणितातली अडचण अशी आहे की पक्षातल्या फुटीला संरक्षण देणारी तरतूद १ जानेवारी २००४ पासून भारतीय संविधानात अस्तित्वातच नाही. दोन तृतीयांश हा आकडा कायद्यात जरूर आहे, पण तो विलीनीकरणासाठी आहे, फुटीसाठी नाही. इंग्रजी मसुद्यातला ‘स्प्लिट’ हा शब्द आणि ‘मर्जर’ हा शब्द यांची आपल्याकडे जी सरमिसळ झाली आहे, तिच्यामुळे गेल्या काही वर्षांतले निकाल सामान्य वाचकाला अनाकलनीय वाटतात. तेव्हा हा गुंता मुळापासून सोडवून पाहू.

## कायदा कशासाठी आला

१९६७ मध्ये हरियाणातील गयालाल नावाच्या आमदाराने पंधरवड्यात तीन वेळा पक्ष बदलला आणि ‘आयाराम गयाराम’ हा वाक्प्रचार देशभर रूढ झाला. त्यानंतरच्या काळात अशा कोलांटउड्यांमुळे अनेक राज्यांतली सरकारे कोसळली. अखेर १९८५ मध्ये राजीव गांधी यांच्या सरकारने ५२वी घटनादुरुस्ती करून संविधानाला दहावी अनुसूची जोडली. तिलाच आपण पक्षांतरबंदी कायदा म्हणतो.

या अनुसूचीचा गाभा दुसऱ्या परिच्छेदात आहे. पक्षाच्या उमेदवारीवर निवडून आलेला सदस्य दोन कारणांनी अपात्र ठरतो. त्याने स्वेच्छेने पक्षाचे सदस्यत्व सोडले, हे पहिले कारण. पक्षादेश, म्हणजे ज्याला सगळेच व्हिप म्हणतात तो, मोडून त्याने मतदान केले किंवा मतदानाला गैरहजर राहिला, हे दुसरे. अपात्रतेचा निर्णय सभागृहाच्या अध्यक्षांनी किंवा सभापतींनी करायचा असतो.

येथे दोन संज्ञा नीट समजून घेतल्या की पुढचे बरेचसे सोपे होते. ‘मूळ राजकीय पक्ष’ म्हणजे निवडणूक आयोगाकडे नोंद असलेला, शाखाप्रमुखापासून अध्यक्षापर्यंत पसरलेला संपूर्ण पक्ष. ‘विधिमंडळ पक्ष’ म्हणजे त्या पक्षाचे त्या सभागृहात निवडून आलेले सदस्य, तेवढेच. गृहनिर्माण संस्था आणि तिची व्यवस्थापन समिती यांत जो फरक असतो, तोच येथे आहे. समितीतल्या नऊपैकी सहा जणांनी शेजारच्या सोसायटीत राहायला जायचे ठरवले, तर ते सहा जण जातील. इमारत, तिची नोंदणी आणि बाकीचे सभासद जागेवरच राहतील. पक्षांतराचे सगळे मोठे वाद या दोहोंमधल्या सीमारेषेवर लढले गेले आहेत.

## ‘स्प्लिट’चा मूळ परिच्छेद

१९८५ च्या मसुद्यात तिसऱ्या परिच्छेदाचे शीर्षकच फुटीविषयी होते. मूळ राजकीय पक्षात फूट पडली असेल, त्या फुटीतून निर्माण झालेल्या गटाचे आपण प्रतिनिधी आहोत असे काही सदस्य म्हणत असतील, आणि विधिमंडळ पक्षातले किमान एक तृतीयांश सदस्य त्या गटात असतील, तर त्यांना अपात्र ठरवता येणार नाही, असे तो सांगत होता. त्यामागचा विचार अगदीच अनाठायी नव्हता. पक्षात खरोखरचे वैचारिक मतभेद होऊ शकतात, पक्षाची धोरणे बदलू शकतात, आणि अशा वेळी प्रामाणिकपणे वेगळा मार्ग धरणाऱ्याला पदाच्या लोभाने उडी मारणाऱ्याच्या पंक्तीला बसवू नये, अशी ती सवलत होती.

कागदावर अटी दोन होत्या: पक्षात फूट आणि आमदारांत एक तृतीयांश. व्यवहारात मात्र पहिली अट हळूहळू नाममात्र झाली आणि दुसरीची बेरीज तेवढी उरली.

डिसेंबर १९९१ मध्ये नागपूर अधिवेशनाच्या काळात छगन भुजबळ यांनी शिवसेना सोडली, तेव्हाचा हिशेब पाहण्यासारखा आहे. १९९० च्या निवडणुकीत शिवसेनेचे ५२ आमदार निवडून आले होते. त्याचा एक तृतीयांश होतो १७.३३, आमदार अपूर्णांकात मोजता येत नसल्यामुळे १८ हवेत. भुजबळांच्या पत्रावर नेमक्या तितक्याच सह्या असल्याचे सांगितले गेले. त्यांतले काही जण लगोलग परतलेही. पक्षाच्या शाखांत, पदाधिकाऱ्यांत, कार्यकर्त्यांत किती फूट पडली होती, या प्रश्नापेक्षा सह्यांची संख्या किती, हाच प्रश्न त्या दिवसांत महत्त्वाचा होता.

गोव्यात त्याच वर्षी जे घडले, त्यातून तर सर्वोच्च न्यायालयाचा एक पायाभूत निकाल निघाला. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे (मगोप) १८ आमदार होते. रवी नाईक यांनी आपल्यासह ८ जणांचा गट फुटल्याचा दावा केला आणि जानेवारी १९९१ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. पुढे अध्यक्षांनी त्यांना अपात्र ठरवले. १९९४ मध्ये न्यायालयाने ती अपात्रता रद्द केली, कारण एक तृतीयांशाची, म्हणजे सहाची, अट पूर्ण होत होती. त्याच निकालात न्यायालयाने दुसरेही सूत्र घालून दिले, जे आजही प्रत्येक अपात्रता याचिकेत उद्धृत होते: ‘स्वेच्छेने सदस्यत्व सोडणे’ याचा अर्थ राजीनामा देणे एवढाच नाही. राजीनामा न देताही वागणुकीवरून सदस्यत्व सोडल्याचा निष्कर्ष काढता येतो. विरोधकांच्या सरकारस्थापनेसाठी राज्यपालांकडे जाणे हे त्याचे उदाहरण ठरले.

## परिच्छेद का वगळला गेला

एकटा आमदार गेला तर शिक्षा आणि त्याने सोबत पुरेसे सहकारी नेले तर अभय, ही विसंगती लवकरच सर्वांच्या लक्षात आली. विशेषतः लहान पक्षांत एक तृतीयांश म्हणजे दोन-तीन आमदार, आणि तेवढे गोळा करणे कोणालाही जड जात नव्हते. विधी आयोगाने १९९९ मधील १७०व्या अहवालात हा परिच्छेद काढून टाकण्याची शिफारस केली. वाजपेयी सरकारच्या काळात २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीने तो वगळला. त्याच दुरुस्तीने मंत्रिमंडळाचा आकार सभागृहाच्या १५ टक्क्यांवर आणला आणि अपात्र ठरलेल्याला पुन्हा निवडून येईपर्यंत किंवा मूळ मुदत संपेपर्यंत मंत्रिपद मिळणार नाही, अशीही तजवीज केली. फुटीच्या बदल्यात मिळणाऱ्या बक्षिसांची संख्याच कमी करण्याचा हा प्रयत्न होता, आणि माझ्या मते या दुरुस्तीतला तोच भाग अधिक परिणामकारक ठरला.

परिच्छेद गेला तरी त्याच्या काळातली प्रकरणे न्यायालयात चालूच होती. उत्तर प्रदेशात ऑगस्ट २००३ मध्ये बहुजन समाज पक्षाचे १३ आमदार मुलायमसिंह यादव यांच्या पाठिंब्यासाठी राज्यपालांना भेटले. त्या वेळी पक्षाचे १०९ आमदार होते, म्हणजे फुटीसाठी ३७ हवे होते. सप्टेंबरमध्ये ते जमले आणि फुटीचा दावा मान्य करून घेतला गेला. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००७ मध्ये हे फेटाळले. आधी थोड्यांनी जायचे आणि मग हळूहळू संख्या जमवत एक तृतीयांश गाठायचे, याला फूट म्हणता येणार नाही. ज्या दिवशी १३ जण गेले त्या दिवशी ते अपात्र झाले, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

## मग दोन तृतीयांश कशासाठी?

आता अनुसूचीत सवलत उरली ती चौथ्या परिच्छेदाची, आणि ती विलीनीकरणाची आहे. तिची रचना दोन पायऱ्यांची आहे. पहिला उपपरिच्छेद सांगतो की सदस्याचा मूळ राजकीय पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन झाला, तर त्या विलीनीकरणाबरोबर जाणारा सदस्य अपात्र होत नाही, आणि ते न स्वीकारता वेगळा गट म्हणून राहणाराही होत नाही. दुसरा उपपरिच्छेद सांगतो की विधिमंडळ पक्षातल्या किमान दोन तृतीयांश सदस्यांनी संमती दिली तर, आणि तरच, असे विलीनीकरण झाल्याचे मानले जाईल.

या ‘मानले जाईल’ने बराच घोळ घातला आहे. एक अर्थ असा की आधी पक्षाने, म्हणजे संपूर्ण सोसायटीने, विलीन व्हायचे ठरवले पाहिजे आणि मग आमदारांतल्या दोन तृतीयांशांनी त्याला होकार दिला पाहिजे. दुसरा अर्थ असा की दोन तृतीयांश आमदारांनी होकार दिला की पक्षच विलीन झाला असे कायद्याने धरून चालायचे, मग पक्षाचे मुख्यालय, प्रदेशाध्यक्ष आणि लाखो सभासद जागेवर का असेनात.

गोव्यात हा दुसरा अर्थ प्रत्यक्षात उतरला. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी भाजपमध्ये प्रवेश केला. १५ चे दोन तृतीयांश बरोबर १०. त्याआधी मार्चमध्ये मगोपच्या तिघांपैकी दोघांनी तेच केले होते. अखिल भारतीय काँग्रेस अर्थातच कोणातही विलीन झालेली नव्हती. तरीही अध्यक्षांनी अपात्रता याचिका फेटाळल्या आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तो अर्थ उचलून धरला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये काँग्रेसच्या ११ पैकी ८ आमदार पुन्हा भाजपमध्ये गेले. ११ चे दोन तृतीयांश ७.३३ होतात, म्हणून आठ. आकडा नेमका तेवढाच असावा, हा योगायोग मानायला बरेच भाबडेपण लागेल.

म्हणजे दोन तृतीयांश संख्या असूनही सवलत हवी असेल, तर दुसऱ्या पक्षात जावे लागते. स्वतंत्र राहून, आपल्याच पक्षाचे नाव लावून दोन तृतीयांशांना कोणतेही वेगळे संरक्षण मिळत नाही.

## २०२२ मध्ये महाराष्ट्रात वेगळे काय झाले

जून २०२२ मध्ये शिवसेनेचे विधानसभेत ५५ आमदार होते. दोन तृतीयांश म्हणजे ३७. एकनाथ शिंदे यांच्याकडे ही संख्या होती. पण त्यांनी कोणत्याही पक्षात विलीनीकरण केले नाही आणि आपण फुटलो आहोत असेही म्हटले नाही. आपणच शिवसेना आहोत, अशी त्यांची भूमिका होती. जो पक्ष सोडतच नाही त्याच्यावर पक्ष सोडल्याचा आरोप येत नाही, आणि ज्याचा प्रतोद, म्हणजे पक्षादेश काढणारा पदाधिकारी, खरा त्याचाच पक्षादेश लागू होतो. चौथ्या परिच्छेदाची सवलत मागण्याऐवजी दुसऱ्या परिच्छेदातला गुन्हा घडलाच नाही, असे सांगण्याचा हा मार्ग होता. त्यामुळे त्या दिवसांत सर्वत्र मोजल्या जाणाऱ्या ३७ या आकड्याला विलीनीकरणाच्या तरतुदीपुरता काहीच अर्थ नव्हता.

११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने या प्रकरणी निकाल दिला. त्यातले तीन मुद्दे आपल्या विषयाशी थेट जोडलेले आहेत. तिसरा परिच्छेद वगळल्यामुळे फुटीचा बचाव आता उपलब्ध नाही, आणि कोणत्या गटात किती टक्के आमदार आहेत हे त्या बचावासाठी गैरलागू आहे. प्रतोद आणि गटनेता यांची नेमणूक राजकीय पक्ष करतो, विधिमंडळ पक्ष नव्हे. म्हणून ३ जुलै २०२२ रोजी भरत गोगावले यांना प्रतोद म्हणून दिलेली मान्यता बेकायदा होती. आणि दोन्ही गट आपणच पक्ष असल्याचे सांगत असतील, तर अध्यक्षांनी पक्षाची घटना व नेतृत्वरचना पाहून, केवळ आमदारांच्या बहुमतावर विसंबून न राहता, राजकीय पक्ष कोणता हे प्रथमदर्शनी ठरवावे.

१० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी निर्णय दिला. पक्षाची २०१८ ची दुरुस्त घटना निवडणूक आयोगाच्या नोंदीत नसल्यामुळे त्यांनी १९९९ ची घटना ग्राह्य धरली. २०१८ ची नेतृत्वरचना त्या घटनेशी जुळत नसल्यामुळे तिच्यावरून निष्कर्ष काढता येत नाही, असे म्हणून शेवटी विधिमंडळातल्या बहुमताचा आधार घेतला आणि शिंदे गट हाच खरा पक्ष असल्याचे ठरवले. त्यामुळे गोगावले यांची नेमणूकही वैध ठरली. मात्र त्यांचा पक्षादेश ठाकरे गटाच्या आमदारांपर्यंत रीतसर पोहोचल्याचे सिद्ध झाले नाही, म्हणून तेही अपात्र झाले नाहीत. दोन्ही बाजूंचे एकूण एक आमदार सुरक्षित राहिले. सव्वा महिन्यातच, १५ फेब्रुवारी रोजी, राष्ट्रवादी काँग्रेसच्या बाबतीतही असाच निर्णय आला: ५३ पैकी ४१ आमदार अजित पवारांकडे, म्हणून तो गट खरा पक्ष, आणि अपात्र कोणीच नाही.

फूट नावाची खिडकी बंद केल्यावर ‘खरा पक्ष कोणता’ या दारातून तोच वारा आत आला, असे माझे मत आहे. पूर्वी एक तृतीयांश सह्या लागत, आणि वेगळा गट वेगळ्या नावाने बसत असे. आता संख्या अधिक लागते, पण मिळकतही मोठी असते: पक्षाचे नाव, प्रतोद आणि पक्षादेश, सगळेच.

## चिन्ह मिळाले म्हणजे अपात्रता टळली का?

नाही. हा दुसरा कायदा आहे आणि त्याचे काम वेगळे आहे. १९६८ च्या निवडणूक चिन्हे आदेशातला १५वा परिच्छेद मान्यताप्राप्त पक्षातून फुटून निघालेल्या किंवा परस्परविरोधी गटांविषयी आहे. म्हणजे संविधानाच्या अनुसूचीतून फूट गेली, पण आयोगाच्या नियमावलीत ती आजही नांदते आहे. १९६९ मध्ये काँग्रेस दुभंगल्यावर बैलजोडी कोणाची, यावरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये बहुमताची कसोटी मान्य केली, आणि आयोग तेव्हापासून संघटना आणि लोकप्रतिनिधी या दोन्हींतले बहुमत तपासत आला आहे.

१७ फेब्रुवारी २०२३ रोजी शिवसेना हे नाव व धनुष्यबाण शिंदे गटाला देताना आयोगाने संघटनेतल्या बहुमताची कसोटी निर्णायक ठरू शकत नाही असे मानले आणि लोकप्रतिनिधींच्या संख्येवर भर दिला. शिंदे यांच्याबरोबरच्या ४० आमदारांना २०१९ मध्ये पडलेली मते पक्षाच्या ५५ विजयी उमेदवारांच्या एकूण मतांच्या सुमारे ७६ टक्के आहेत, हा हिशेब त्या आदेशात आहे. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी घड्याळही याच मार्गाने अजित पवारांकडे गेले. या निर्णयांना सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले आहे.

पण चिन्ह पुढच्या निवडणुकीसाठी असते, तर अपात्रता मागच्या वर्तनाची असते. आयोगाचा निर्णय मागील तारखेपासून लागू होत नाही आणि त्यामुळे आधी मोडलेला पक्षादेश धुऊन निघत नाही, असे घटनापीठाने सांगितले आहे.

## पक्षानेच हाकलले, किंवा स्वतः राजीनामा दिला तर?

हकालपट्टी झालेला सदस्य मोकळा होतो, असा एक समज आहे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो खोडून काढला: ज्या पक्षाने उमेदवारी दिली त्याच पक्षाचा तो सदस्य मानला जाईल, आणि नव्या पक्षात गेला तर अपात्र होईल.

आमदारकीचाच राजीनामा देऊन पुन्हा निवडणूक लढवण्याचा मार्ग कर्नाटकात २०१९ मध्ये वापरला गेला. राजीनाम्यामुळे अपात्रता टळत नाही, असे न्यायालय म्हणाले. पण विधानसभेची मुदत संपेपर्यंत निवडणूक लढवता येणार नाही, हा अध्यक्षांनी घातलेला निर्बंध मात्र त्याने रद्द केला. त्या निकालाला ज्यांचे नाव आहे ते श्रीमंत पाटील बेळगाव जिल्ह्यातल्या कागवाडचे. डिसेंबरमधल्या पोटनिवडणुकीत ते नव्या पक्षातर्फे निवडूनही आले.

## पक्ष आमदारांचा नाही, तर कोणाचा?

सर्वांत वजनदार आक्षेप हाच आहे. मते आमदाराला पडली, तीन चतुर्थांश आमदार एका बाजूला असतील तर पक्ष म्हणजे तेच, मूठभर पदाधिकाऱ्यांनी त्यांना वेठीला का धरावे? आपल्याकडच्या पक्षांत अंतर्गत निवडणुका बहुधा नावापुरत्याच होतात हे खरे असल्यामुळे हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. तरीही कायद्याची भाषा दुसऱ्या बाजूला आहे. अनुसूचीने विधिमंडळ पक्ष आणि मूळ पक्ष यांच्या स्वतंत्र व्याख्या दिल्या, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत म्हणूनच. आमदारांचे बहुमत हीच पक्षाची ओळख मानली, तर पुरेशा संख्येने केलेले पक्षांतर कधीच पक्षांतर ठरणार नाही, आणि २००३ मध्ये संसदेने जे काढून टाकले ते अर्थ लावण्याच्या वाटेने परत येईल. गोवा खंडपीठाचा २०२२ चा निकाल आणि घटनापीठाचा २०२३ चा निकाल शेजारी ठेवून वाचले, तर त्यांचा सूर जुळत नाही असे मला वाटते. पहिला आमदारांच्या संमतीतून पक्षाचे विलीनीकरण गृहीत धरतो, दुसरा आमदार म्हणजे पक्ष नव्हे असे बजावतो.

## निर्णय किती दिवसांत?

१९९२ मध्ये नागालँडच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षांच्या निर्णयाचा न्यायालयीन आढावा घेता येईल, असे तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवले. परंतु आढावा निर्णयानंतर येतो. अध्यक्ष बहुतेक वेळा सत्ताधारी पक्षाचेच असतात आणि निर्णय लांबवणे हाच पुष्कळदा निर्णय असतो. उत्तर प्रदेशातले १३ आमदार साडेतीन वर्षांनी अपात्र ठरले, तेव्हा पुढची निवडणूक तोंडावर आली होती. महाराष्ट्रात जून २०२२ च्या घटनांवर निर्णय यायला जानेवारी २०२४ उजाडला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवी विधानसभा निवडली गेली. मणिपूरच्या प्रकरणात न्यायालयाने २०२० मध्ये असाधारण परिस्थिती वगळता तीन महिन्यांत निर्णय व्हावा असे सांगितले. ते सूत्र पाळले गेल्यापेक्षा मोडलेच अधिक गेले.

खुद्द दहाव्या अनुसूचीत मुदती आहेत. पक्षादेश मोडणाऱ्या सदस्याला माफ करायचे असेल तर पक्षाला १५ दिवस आहेत. नामनिर्देशित सदस्याला एखाद्या पक्षात प्रवेश करायचा असेल तर शपथेपासून सहा महिने आहेत. अध्यक्षांनी अपात्रता याचिकेवर किती दिवसांत निकाल द्यावा, यासाठी मात्र तिथे एकही दिवस नेमून दिलेला नाही.